बूट दरवर्षी ठरावीक महिन्यांतच का निकामी होतात? खानदेशातील तक्रारी, त्यांची कारणे आणि उपाय

चांगले पैसे मोजून घेतलेले बूट दोन-तीन वर्षांत कामातून जातात, दुरुस्त करून आणले तरी त्याच जागी पुन्हा उलतात आणि शेवटी "आजकालच्या मालात दम राहिला नाही" असे म्हणून नवे घेतले जातात, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. मालाची प्रत हे एक कारण असतेच. परंतु बिघाड कोणत्या महिन्यात दिसला हे आठवून पाहिले, तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. चामडे तडकलेले दिसते ते होळीनंतर, सोल सुटतो तो वैशाखात किंवा पहिल्या पावसात आणि बुरशी चढते ती श्रावण-भाद्रपदात. चालण्याने होणारी झीज बारा महिने सारखीच व्हायला हवी. ती ठरावीक महिन्यांत उफाळून येत असेल, तर दोष चालण्यात नसून बूट कुठे ठेवले जातात आणि कसे वाळवले जातात यात आहे.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही, आणि धुळे-नंदुरबारकडेही उन्हाळा काही सौम्य नसतो. दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल बघता बघता वाळतो. त्यानंतर जूनच्या मध्यापासून तीच हवा ओलीचिंब होते आणि पायाखाली काळी माती येते. चामडे, रबर, फेस आणि चिकटद्रव्य या चौघांनाही एवढी मोठी उलथापालथ सोसत नाही. म्हणून ज्याची जी तक्रार असेल, त्याने आधी तिचे कारण ओळखावे आणि मगच बूट चर्मकाराकडे न्यावेत. कारण न ओळखता केलेली दुरुस्ती पुढच्या मोसमापर्यंतही टिकत नाही.

सोल सुटतो, चिकटवला तरी पुन्हा सुटतो

सुटलेली फट बोटांनी हलकेच उघडून उजेडात पाहावी. येथे दोन अगदी वेगळे बिघाड वरून सारखेच दिसतात. एका प्रकारात वरचे चामडे आणि खालचा सोल दोन्ही शाबूत असतात, मधला चिकट थर मात्र सुटून चकचकीत किंवा चिकचिकीत झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात सोल स्वतःच आतून सडलेला असतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे, कारण त्याला चिकटवणे हा उपायच नव्हे.

पहिला बिघाड उष्णतेचा आहे. कारखान्यात सोल बसवताना दोन्ही पृष्ठभागांवर लावलेला चिकटद्रव्याचा वाळलेला थर साधारण ५५ ते ७० अंशांपर्यंत तापवून मऊ करतात, मग यंत्राखाली दाबून थंड करतात. जी उष्णता सोल बसवते, तीच त्याला सोडवूही शकते. वैशाखातल्या उन्हात उभ्या केलेल्या मोटारीची डिकी, पत्र्याच्या छताखालचा माळा, ओट्यावरचा दिवसभर तापणारा लोखंडी रॅक, दुचाकीच्या सीटखालचा कप्पा, या साऱ्या जागा ६० अंशांच्या आसपास सहज तापतात. तेथे ठेवलेल्या बुटाचा जोड एका दिवसात उघडा पडत नाही. तो थोडा ढिला होतो, पायात घातल्यावर दुमडीच्या जागी किंचित उचलला जातो, त्या फटीत धूळ शिरते आणि पुढच्या वेळी तो जोड पुन्हा धरत नाही. स्पोर्ट्स शूजचा फेसाळ मधला थर, ज्याला दुकानदार ईव्हीए म्हणतात, तो तर अशा उष्णतेत आक्रसतो. वरचे कापड पूर्वीच्याच मापाचे राहते, तळ आखूड होतो आणि मग पुढच्या टोकाची कडा उचलली जाते.

या प्रकारची दुरुस्ती टिकाऊ होऊ शकते, मात्र ती सावकाश व्हायला हवी. नीट काम करणारा कारागीर काय करतो ते एकदा शेजारी बसून पाहण्यासारखे आहे. तो फट पूर्ण उघडतो, रांपीच्या धारेने जुन्या सोल्युशनचा, म्हणजे चिकटद्रव्याचा, पापुद्रा खरवडून काढतो, मग दोन्ही बाजू कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरने घासून खडबडीत करतो आणि कोरड्या फडक्याने धूळ टिपून घेतो. सोल्युशनचा पातळ थर तो दोन्ही बाजूंना लावतो आणि बूट उघडाच बाजूला ठेवून देतो. दहा-पंधरा मिनिटांनी बोट टेकवून पाहिल्यावर तार सुटली नाही, नुसती ओढ जाणवली, की दोन्ही बाजू एकदाच नेमक्या जुळवतो आणि लोखंडी पायावर बूट उलटा घालून कडेकडेने ठोकत जातो. दुरुस्ती फसते ती बहुधा घासणे आणि थांबणे या दोन पायऱ्या गाळल्यामुळे, आणि त्या गाळल्या जातात त्या गिऱ्हाईक समोर उभे राहून घाई करते म्हणून. "काका, नीट घासून घ्या, मी संध्याकाळी येतो," एवढे म्हटले तरी कामाचा दर्जा बदलतो. चिकटवलेला बूट निदान एक पूर्ण दिवस पायात घालू नये.

घरच्या घरी पाण्यासारखा पातळ, झटपट चिकटणारा गोंद ओतणे टाळावे. तो वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतो, बूट दुमडताच तडकतो आणि त्याचा कडक थर बसलेल्या जागी पुढे सोल्युशनही नीट धरत नाही. कडेने शिलाई मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. सोल रबराचा आणि पुरेसा जाड असेल, तर ती उपयोगी पडते. पण आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून पावसाचे पाणी आत येते. म्हणून पावसाळी वापराच्या बुटाला शिलाई मारल्यावर टाक्यांच्या ओळीवर मेण चोळून घ्यावे आणि दोरा सुती न घेता नायलॉनचा घ्यावा, कारण सुती दोरा घाम आणि ओल यांनी सडतो.

जेमतेम वापरलेल्या बुटाचा सोल भुगा होऊन पडतो

ही तक्रार सर्वांत जास्त मनस्ताप देणारी आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नसराईसाठी घेतलेले बूट दोन-चार लग्नांत वापरून खोक्यात जपून ठेवले जातात, काही वर्षांनी पुन्हा काढले जातात आणि मांडवात पोहोचेपर्यंत मागे काळे तुकडे पडू लागतात. खोक्यात ठेवलेला बूट खराब कसा होईल, असे वाटून माणूस दुकानदाराला दोष देतो.

अशा बुटाची परीक्षा चर्मकार क्षणात करतो. भुसावळच्या बाजारात असा एक काळा पार्टी शूज हातात घेतलेल्या कारागिराने सोलच्या कडेला अंगठ्याचे नख रोवले. नख आत रुतले, बाहेर काढले तेव्हा त्याखाली काळा, किंचित चिकट भुगा होता, आणि रुतलेल्या जागेची खाच पुन्हा भरून आली नाही. "भाऊ, यामा आते जीव नही," एवढेच बोलून त्याने बूट परत दिला. त्याने पैसे घेतले नाहीत आणि चिकटवण्याचे सोंगही केले नाही, याचे मोल गिऱ्हाइकाने ओळखले पाहिजे, कारण त्या सोलला जगातले कोणतेही सोल्युशन किंवा टाका धरणार नव्हता.

हा सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे दुकानाच्या भाषेत पीयूचा असतो. तो हलका आणि मऊ असून झिजतही कमी, म्हणून पार्टी शूज, चालण्याचे आरामदायी बूट आणि कारखान्यांतील सुरक्षा बूट यांत त्याचा वापर मोठा आहे. मात्र त्यातील पॉलिएस्टर जातीच्या पीयूचे रेणू हवेतील बाष्पामुळे हळूहळू तुटत जातात. याला जलविघटन म्हणतात. तापमान वाढले की त्याचा वेग वाढतो, आणि तुटताना तयार होणारे आम्ल पुढच्या विघटनाला आणखी हातभार लावते. ही क्रिया बूट वापरला काय किंवा न वापरला काय, कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून चालू असते. साधारणपणे पाच ते आठ वर्षांत असा सोल जीव सोडतो, आणि उष्ण व दमट जागी त्याहूनही लवकर.

आता कोणी म्हणेल की खानदेशचा उन्हाळा तर कोरडा असतो, मग बाष्प येते कुठून? ते कूलरमधून येते. चैत्र-वैशाखात घराघरांत पाण्याचा कूलर दिवसरात्र चालतो, खोलीतील हवा ओली करूनच तो गारवा देतो, आणि बूट ठेवण्याचे कपाट बहुतेक घरांत त्याच पुढच्या खोलीत दाराशेजारी असते. बाहेर भट्टी आणि आत ओल अशा हवेत बंद खोक्यातील पीयूचा सोल महिनोन् महिने पडून राहतो. पावसाळ्याचे चार महिने तर वेगळे सांगायलाच नकोत. माझ्या मते आपल्या भागात पीयूचे सोल लवकर जाण्यामागे हे कारण फार दुर्लक्षित राहिले आहे. कूलरच्या झोतासमोरून आणि त्याच्या टाकीजवळून बुटांचा रॅक हलवणे, हा एक पैसाही न लागणारा उपाय आहे.

खरेदी करतानाच आणखी एक गोष्ट पाहावी. खोक्यावरील किमतीच्या चिठ्ठीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. सोलचे वय त्या तारखेपासून मोजायचे असते, आपण खरेदी केल्याच्या तारखेपासून नव्हे. मोठ्या सवलतीत मिळणारा जोड तीन-चार वर्षे गोदामात पडलेला असेल आणि त्याचा सोल पीयूचा असेल, तर त्याचे निम्मे आयुष्य आपल्या हाती येण्यापूर्वीच संपलेले आहे. वर्षातून दोन-तीनदाच घालायचे बूट हवे असतील, तर रबराचा, टीपीआरचा (थर्मोप्लास्टिक रबराचा) किंवा चामड्याचा सोल निवडावा. त्यांना जलविघटनाची अशी भीती नाही. पीयूचेच घेतले, तर ते खोक्यात कोंडून विसरून जाऊ नयेत. रोजच्या वापरात आणावेत, म्हणजे सोल संपण्यापूर्वी त्याचे काम तरी करून घेता येईल.

सुरक्षा बुटांविषयी येथेच लिहितो. औष्णिक वीज केंद्र असो, रेल्वेचे यार्ड असो की औद्योगिक वसाहतीतील कारखाना, पोलादी टोपीच्या बुटांचा सोल बहुधा साच्यात थेट वरच्या चामड्यावर ओतलेला पीयूचा असतो. त्यात मध्ये चिकट थर नसतोच, त्यामुळे तो सुटू लागला की याचा अर्थ बहुधा सोल विघटित होत आहे, असाच असतो. असा बूट शिवून कामावर घालणे धोक्याचे आहे, कारण तेलकट फरशीवर किंवा शिडीवर तो ऐनवेळी दगा देईल. तो बदलून मागावा.

चामडे दुमडीवर तडकते

चामडे म्हणजे एकमेकांत विणल्या गेलेल्या तंतूंचे जाळे. पूर्वी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांत कमावलेले असो किंवा आता क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असो, ते तंतू एकमेकांवर सरकते राहावेत म्हणून कमावताना त्यांत स्निग्ध पदार्थ मुरवलेले असतात आणि साधारण हवेत वजनाच्या सुमारे १२ ते १५ टक्के ओलावाही असतो. फाल्गुनानंतरच्या कोरड्या हवेत तो ओलावा निघून जातो, स्निग्धता हळूहळू उतरते, आणि पायाच्या बोटांमागे जेथे बूट प्रत्येक पावलाला दुमडतो, तेथे तंतू घासून तुटू लागतात. पडलेली भेग भरून येत नाही. बाजारात मिळणारे भेग भरण्याचे मलम ती झाकते, बुजवत नाही. म्हणून येथे सारा भर आधीच्या काळजीवर आहे.

या काळजीत सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम म्हणजे धूळ झाडणे. आपल्याकडची बारीक धूळ दुमडीच्या रेषांत साचते आणि प्रत्येक पावलागणिक चामड्याचा वरचा थर घासून काढते. शिवाय आपली काळी माती बहुतांशी अल्कधर्मी आहे आणि चामडे किंचित आम्लधर्मी, त्यामुळे मातीचा थर ओल्या अवस्थेत बसून राहणे त्याला मानवत नाही. धुळीवरच पॉलिश फासणे म्हणजे तो थर रेषांत कायमचा बसवून टाकणे होय. रोज संध्याकाळी बूट काढल्यावर केसांच्या ब्रशने अर्धा मिनिट झाडणे हे आठवड्यातून एकदा चमक आणण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

स्पंजची टोपी असलेले पातळ पॉलिश मला मान्य नाही. ते क्षणात चमकते हे खरे, पण ती चमक चामड्यावर चढलेल्या पातळ पापुद्र्याची असते. थर वाढत गेला की तो पापुद्रा दुमडीवर तडकतो, चामड्याला पोषण काहीच मिळत नाही आणि वरून लावलेले क्रीमही आत पोहोचत नाही. शाळेच्या मुलांच्या बुटांना सकाळच्या घाईत ते एखाद्या वेळी चालेल, पण चांगल्या बुटांना नेमाने लावू नये. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, ब्रशने झाडून, पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर बुटांचे क्रीम वाटाण्याएवढे घ्यावे आणि दुमडीच्या जागी व जिभेच्या कडांना नीट चोळावे. दहा मिनिटे मुरू द्यावे, मग ब्रश मारावा. डबीतील मेणाचे पॉलिश त्यावर अगदी पातळ, तेही टोकावर आणि टाचेवर लावावे. दुमडीवर मेणाचे थर चढवू नयेत. खरखरीत लव असलेल्या स्वेड चामड्याला मात्र क्रीम आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य आहेत, त्याला फक्त ब्रश.

घरातील तेल लावावे का, हा प्रश्न खेड्यापाड्यांत हमखास विचारला जातो. जवस आणि करडई यांची तेले हवेत वाळून घट्ट होतात; ती सुरुवातीला चामडे मऊ करतात असे वाटते, पण पुढे ते चिकट आणि नंतर कडक करतात. म्हणून ती लावूच नयेत. खोबरेल तेल आणि शेंगदाणा तेल जास्त झाले तर चामडे लोळागोळा होते, धूळ धरते, आणि आत मुरलेले तेल खवट होऊन वास मारते. क्रीम मिळत नसेल आणि शेतात वापरायचा जाड चामड्याचा जोडा असेल, तर एरंडेल तेल हा त्यातल्या त्यात बरा पर्याय, कारण ते वाळून घट्ट होत नाही. तेही फडक्याला दोन-चार थेंब लावून चोळावे, ओतू नये, आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने जादा तेल पुसून घ्यावे.

एक खुलासा आवश्यक आहे. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून खाली पांढरे किंवा राखाडी कापड दिसत असेल, तर ते चामडे नाहीच. ते कापडावर पीयूचा लेप दिलेले कृत्रिम चामडे आहे, आणि सोलप्रमाणे त्याचाही लेप बाष्पाने विघटित होतो. त्याला क्रीम, तेल, पॉलिश काहीही लावले तरी पापुद्रे सुटणे थांबत नाही. घेताना ओळखायचे असेल, तर जीभ किंवा आतल्या कापलेल्या कडेकडे पाहावे: खऱ्या चामड्याची कड तंतुमय दिसते, कृत्रिमाची कड सरळ आणि आत विणीच्या धाग्यांची.

पावसात भिजलेले बूट वाळल्यावर कडक होतात

काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना आक्रसते. शेतात भेगा पडतात त्या याच गुणामुळे. बुटावर चढलेला तिचा थर वाळू दिला, तर तो आक्रसताना चामड्यातील ओलावा ओढून घेतो आणि शिलाईच्या टाक्यांत घट्ट बसतो. "वाळला की आपोआप गळून पडेल" ही समजूत बुटांच्या बाबतीत नुकसानीची आहे. चिखल ओला असतानाच काडीने किंवा बोथट पट्टीने खरवडावा आणि उरलेला साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून काढावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी भरपूर ओतून बूट धुणे टाळावे, नाहीतर वाळल्यावर पांढऱ्या रेषा उमटतात. उमटल्याच, तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असे मिश्रण करून फडक्याने टिपावे आणि नंतर साध्या पाण्याच्या ओलसर फडक्याने पुसावे. शेतात युरिया किंवा इतर खत पडलेल्या बुटांनाही हीच काळजी लागू पडते, कारण बरीच रासायनिक खते क्षारच असतात, आणि युरिया क्षार नसला तरी तोही पाण्यात तसाच विरघळतो.

त्यानंतरची चूक चुलीजवळ, उन्हात किंवा गॅसच्या शेगडीशेजारी होते. ओले चामडे कोरड्या चामड्यापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला आक्रसते, आणि पृष्ठभाग झपाट्याने वाळला की आतील तंतू एकमेकांना चिकटून कडक होतात. त्यात चिकटद्रव्याचा जोडही ओला व गरम अशा दुहेरी ताणात सापडतो. पहिल्या पावसात सुटणाऱ्या सोलांचे मूळ बहुधा येथे असते: उन्हाळ्यात ढिला झालेला जोड भिजला आणि मग त्याला पुन्हा ऊन दाखवले गेले.

भिजलेल्या बुटाची नाडी पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढावी, आतला सुटा सोल काढून वेगळा वाळवावा आणि जुन्या वर्तमानपत्राचे गोळे टोकापर्यंत सैलसर भरावेत. हे कागद पहिल्या दोन तासांत बदलले पाहिजेत, कारण पाण्याचा मोठा भाग तेव्हाच शोषला जातो. रात्रभर तेच ओले कागद ठेवले तर उलट आत ओल कोंडते. हलक्या रंगाच्या अस्तराला शाई लागू नये म्हणून आधी कोरा कागद गुंडाळावा. बूट आडवे, एका कुशीवर ठेवावेत, म्हणजे सोललाही खालून हवा लागते. छताच्या पंख्याखाली सावलीत एक ते दोन दिवस लागतील. पूर्ण वाळण्यापूर्वी, चामडे हाताला गार पण ओले नाही असे लागते तेव्हा, क्रीमचा पातळ हात फिरवला तर ते मऊ राहते. एवढा वेळ देणे शक्य व्हावे म्हणून पावसाळ्यात दुसरा जोड हवाच. मग तो साध्या रबराचा वा प्लास्टिकचा असला तरी हरकत नाही. चांगले चामडी बूट चिखलात घालून मग त्यांची सेवा करण्यापेक्षा चिखलात घालूच नयेत, हे अधिक शहाणपणाचे आहे.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत जाणाऱ्यांनी केळीच्या चिकाकडेही लक्ष द्यावे. कपड्यांप्रमाणेच कॅनव्हासच्या बुटांवरही त्याचा डाग हवेत तपकिरी होत पक्का बसतो आणि मग निघत नाही. ताजा असतानाच धुतला तरच काही उपयोग होतो.

श्रावणात बुरशी चढते, पुसली तरी पुन्हा येते

हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली आणि हवा हलत नसली, की चामड्यावर बुरशी धरते. लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा, प्लास्टिकची पिशवी आणि भिंतीला टेकलेले खोके या तिच्या आवडत्या जागा. फडक्याने पुसल्यावर ती आठवड्यात परत येते, कारण तिचे बीजाणू शिलाईत, अस्तरात आणि मुख्य म्हणजे त्याच कपाटाच्या फळीवर शिल्लक असतात.

बूट अंगणात नेऊन, नाकातोंडावर रुमाल बांधून कोरड्या ब्रशने झाडावेत. घरात झाडू नयेत. मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडका नुसता ओलसर करावा आणि बाहेरून, जिभेखालून व आतून पुसावे. रंग उतरतो का हे आधी आतल्या कडेवर पाहावे. वाऱ्यावर सावलीत पूर्ण वाळल्यावरच क्रीम लावावे. फळीही त्याच मिश्रणाने पुसावी, कपाटाचे दार दिवसातून काही वेळ उघडे ठेवावे आणि बूट प्लास्टिकऐवजी सुती पिशवीत किंवा कागदात ठेवावेत. नव्या बुटांसोबत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या दोन-तीन आठवड्यांत ओल पिऊन निरुपयोगी होतात. रंग बदलणारे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ते भरले आहेत असे समजावे आणि मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करावेत.

टाच एका बाजूने झिजते, मागचा भाग बसतो

टाचेखालचा रबराचा तुकडा झिजून मूळ टाचेला लागण्यापूर्वी बदलला, तर काम किरकोळ असते. उशीर झाला की टाच तिरकी होते, बूट वाकडा पडतो आणि वरच्या चामड्यावर एका बाजूने ताण येऊन तेथेच भेग जाते. मागचा भाग बसतो तो मात्र नाडी न सोडता पाय कोंबल्यामुळे. नाडी सोडावी, बूट घालण्याची पट्टी (शूहॉर्न) वापरावी, आणि पट्टी नसेल तर चमच्याचा दांडा चालतो.

घामाचा वास जात नाही

पावडर शिंपडून वास झाकला जातो. घाम वाळायला वेळ मिळत नाही हे खरे कारण तसेच राहते. चामड्याने दिवसभरात शोषलेला घाम एका रात्रीत पूर्ण निघत नाही, म्हणून तोच जोड सलग दुसऱ्या दिवशी घालू नये. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून एकेकट्याच्या दुपटीहून अधिक टिकतात असे माझे निरीक्षण आहे, आणि अस्तर कुजणेही थांबते. सुटा आतला सोल दर संध्याकाळी बाहेर काढून ठेवावा आणि तो काळा, दबलेला झाला की बदलावा.

सोल बदलावा की बूट?

वरचे चामडे दुमडीवर शाबूत आहे, मागचा भाग ताठ आहे, अस्तर फाटलेले नाही आणि फक्त सोल गेला आहे, अशा बुटाला नवा सोल टाकणे निश्चित परवडते. चांगल्या प्रतीच्या चामड्याचे वरचे अंग तीन-चार सोल सहज पाहते. पट्टीला शिवून सोल जोडण्याच्या वेल्ट पद्धतीचे बूट तर मुळात पुन्हा सोल टाकता यावा म्हणूनच तसे बनवलेले असतात, आणि चार पैसे जास्त देऊन ते घेण्याचे कारणही हेच आहे. भुगा झालेल्या पीयूच्या जागीही, वरचे चामडे चांगले असेल तर, रबराचा तयार सोल बसवता येतो. मात्र जुन्या पीयूचा कणन् कण खरवडून काढावा लागतो, अन्यथा नवा सोल त्या भुग्यावरच चिकटतो आणि महिनाभरात सुटतो. साच्यात ओतलेल्या सोलच्या बुटाला हे जमेलच असे नाही, कारण त्याच्या तळाशी नवा सोल धरण्याजोगा सपाट पृष्ठभाग नसतो; ते कारागिराला बूट उघडूनच सांगता येते.

काम द्यायचेच तर ते मेच्या ऐन उन्हात किंवा झडीच्या दिवसांत न देता दिवाळीनंतर द्यावे. हवा कोरडी असते, ऊन सौम्य असते, सोल्युशन नीट वाळते आणि कारागिरालाही सवड असते. बूट फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून सोल बसवून घ्यावा, म्हणजे त्याचा आकार बिघडत नाही. घरी आणल्यावर दोन दिवस कागद भरून सावलीत ठेवावा, आणि पहिल्या आठवड्यात लांबच्या चालीऐवजी घर ते बाजार एवढाच घालून दुमडीच्या जागी जोड उचलला जात नाही ना हे रोज पाहावे. फट दिसलीच तर धूळ शिरण्यापूर्वी, त्याच दिवशी, परत न्यावा.